नाक्याचं नाक

लोक त्याला नाक्या म्हणत आणि तो ते मानाने मिरवायचा. गाडीचं बॉनेट उघडलं की हात लावण्याआधी तो वाकून वास घ्यायचा. "क्लच जळालाय." "वायर वितळतेय." बोलून मोकळा व्हायचा, आणि निघायचंही तसंच. तीस वर्षं त्या नाकावर गॅरेज चाललं. मागच्या वर्षी एका तापात ते नाकच गेलं. चेहऱ्यावर होतं, आत काही उरलं नव्हतं.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. नासलेलं दूध तो गटागटा प्यायला तेव्हा तिला कळलं. गॅरेजात तो पूर्वीसारखाच वाकायचा, श्वास ओढायचा आणि अंदाज ठोकून द्यायचा. पण तिथे धाकटा भाऊ होता. अर्धं गॅरेज त्याचं, उरलेल्या अर्ध्यावर त्याचा डोळा. दोघे एकमेकांच्या पान्यांना हात लावत नसत.

बेकरीवालीचा जुना, कार्बोरेटरवाला टेम्पो आदल्या संध्याकाळी ब्रेकसाठी आला होता, धडधाकट. सकाळी ती न्यायला आली तेव्हा सुरू झाला, दोन मिनिटं गुरगुरला आणि बंद पडला तो पडलाच.

"अकराला दवाखान्यात पाव पोचायला हवेत," ती म्हणाली. "काल चालत आला होता, नाक्याभाऊ."

नाक्याने वाकून श्वास ओढला. "पेट्रोल चढलंय. चोक ओढून ठेवला असेल."

धाकटा टायरवर बसून बघत होता. "नक्की ना, दादा? दुसरा कसला वास नाही?"

"तुझ्या तोंडाचा येतोय."

चोक ढकलून त्याने किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढून बॉडीला टेकवला. ठिणगी निळी, टणक. कार्बोरेटरची नळी सोडली. पंप भसाभसा ओतत होता. मग मेल्याला आणखी काय हवंय? त्याने कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, फ्लोट हलवून पाहिला, सगळं परत बसवलं. टेम्पो ढिम्म. दहा वाजून गेले.

"चालू द्या," धाकटा म्हणाला. "दादाचं संशोधन आहे."

तिन्ही प्लग ओलेच निघाले. नाक्याने ते उन्हात पत्र्यावर मांडले आणि भावाकडे पाठ करून बसला. ऊन मी म्हणत होतं. दहा मिनिटांनी पाहिलं तर प्लग तसेच चकाकत होते. पेट्रोल एवढ्या वेळात कधीच उडून जातं. त्याने प्लगवरून बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं. पेट्रोल बोट गार करून निघून जातं. हे मात्र बुळबुळीत, नकोशा पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलेलं.

"टाकीत डिझेल आहे."

"लागला वास?" धाकटा हसला. "दोन तासांनी?"

'वास मघाशीच लागला होता' असं म्हणायला नाक्याने तोंड उघडलं. मग त्याला दिसलं, धाकटा याच वाक्यावर टपून बसलाय. मघाशीच लागला तर कार्बोरेटर कशाला उघडलास, हे त्याच्या ओठांवर तयार होतं.

"नाही लागला," नाक्या म्हणाला. "वर्ष झालं, मला कशाचाच वास येत नाही. बोटाला कळलं."

बेकरीवाली त्याच्याकडे बघतच राहिली.

"ऐकलंत ना, ताई?" धाकटा उठला. "केव्हाचा सांगतोय, हा आता कामाचा राहिला नाही. म्हणून म्हटलं, एकदा पाच लिटर घालून बघू—"

तो थांबला, पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

"माझ्या गाडीत?" बेकरीवाली म्हणाली. "परीक्षा तुमच्या भावाची आणि गाडी माझी?"

नाक्याने टाकी रिकामी केली, नळ्या साफ केल्या, नवं पेट्रोल भरलं, प्लग बसवले. टेम्पो खोकला, धूर ओकला, सुरू झाला. साडेअकरा.

"वर्षभर तुम्ही मला थापा मारल्या," ती नाक्याला म्हणाली. "यांनी टाकीत घाण घातली. तुमचं तुम्ही बघून घ्या." ती गेली ती कायमची.

"तुझ्यामुळे गेली," धाकटा म्हणाला.

नाक्याने उपसलेल्या डिझेलची उघडी बादली उचलली आणि धाकट्याच्या पान्यांशेजारी, त्याच्या जेवणाच्या डब्याला लागून ठेवली.

"दादा, वास मारतेय ती. बाहेर ठेव."

"मला नाही येत," नाक्या म्हणाला आणि बादलीजवळ बसून आपला डबा उघडून जेवू लागला.