एक ते छत्तीस, मध्ये कोणी नाही

फिल्म पाण्यातून काढून दिव्यासमोर धरली. कडेला एक ते छत्तीस आकडे ठळक उमटले होते. मधल्या सगळ्या जागा कोऱ्या, काचेसारख्या.

मी परत पाहिलं. त्या रोलवर एकतीस बायांचे फोटो असायला हवे होते. एकही नव्हता.

कडेचे आकडे कारखान्यातच टाकलेले असतात. ते उमटले म्हणजे औषध बरोबर होतं, वेळही बरोबर होता. चूक कॅमेऱ्यात झाली होती. रोल भरताना फिल्मचं तोंड समोरच्या रिळात अडकवावं लागतं. ते निसटलं होतं. शटर एकतीस वेळा उघडलं, फिल्म जागची हलली नाही. एकतीस जणी एकाच बोटभर तुकड्यावर एकीवर एक पडल्या, आणि तो तुकडा रोल भरतानाच उजेड लागून काळा झालेला होता.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुमसरात माझा फोटो स्टुडिओ होता. त्या सुमारास बिडी कामगारांना सरकारी ओळखपत्र मिळायला लागलं होतं. पत्र असलं की क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळायला मदत होई. पत्राला फोटो लागे.

आमच्या मागच्या मोहल्ल्यात घरोघरी बाया बिड्या वळत. पान त्यांनी कापायचं, तंबाखू त्यांनी भरायची, धागा त्यांनी बांधायचा; ठेकेदाराच्या वहीत नाव मात्र घरच्या पुरुषाचं. जैतून आपाचा नवरा वारलेला, म्हणून तिच्या बिड्या दिराच्या नावावर चढत. सरकारच्या लेखी आपा बिडी वळतच नव्हती. खोकला मात्र तिलाच झाला होता. सरकारी डॉक्टरांनी सांगितलं होतं, नागपूरला भरती करा, उशीर नका करू.

आपा मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायची. दर गुरुवारी तिच्या अंगणात मोठ्या बायाही जमत. आधी वाचन, मग दुवा, मग बोलणं. त्या बोलण्यातूनच वहीचा विषय निघाला. एका गुरुवारी वाचन झाल्यावर सगळ्या उठल्या आणि ठेकेदाराच्या गोदामासमोर जाऊन बसल्या. आपापली नावं वहीत चढवून घेतली, तेव्हाच उठल्या. राहिला होता फोटो.

आपा बुरखा घालून माझ्या दुकानात आली, सोबत तिच्या वर्गातली शमीम.

"भाऊ, फोटो पाहिजे. पण परपुरुषासमोर या बाया तोंड उघडत नाहीत."

"मग कसं करायचं?"

"तुमची बायको आहे ना?"

सुमन आत तांदूळ निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "मले काय येते जी फोटो काढता? मले त घड्याळीची चावी देता येत नाही."

"मला तरी ठेकेदारापुढे बोलता कुठे येत होतं, बेटी?" आपा म्हणाली.

"छापताना चेहरे मला दिसतीलच," मी स्पष्ट सांगितलं.

"कागद पाहणं वेगळं, समोर बसणं वेगळं. निगेटिव्ह मात्र मोजून परत द्यायचे. रोल आमच्यासमोर डबीत जाईल."

मी सुमनला चार दिवस शिकवलं. कॅमेरा स्टँडवर, अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला. तिने चेहरा चौकटीत घ्यायचा, बटण दाबायचं, फिल्म पुढे सरकवणारा खटका ओढायचा. शेवटी डावीकडचा नॉब उलटा फिरवून रोल डबीत घालायचा. हे सगळं मी रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवलं. शिकवण्यात एक रोल कशाला घालवायचा, असा हिशोब केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. फिल्म नीट अडकली असेल तर खटका ओढताना डावीकडचा नॉब आपोआप फिरतो. तो फिरला म्हणजे फिल्म पुढे सरकली. फोटोग्राफरचा डोळा सवयीने तिकडे जातो. रिकाम्या कॅमेऱ्यात तो नॉब फिरतच नाही. सुमनने चार दिवस तो स्थिरच पाहिला.

फोटोच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पुरुष जमले होते. त्यांत मोहल्ल्यातले वडीलधारे हाजीसाहेब होते. या कामाला त्यांची ना होती. मी आपाच्या दारात उभं राहून रोल भरला, झाकण लावलं, दोनदा खटका ओढला. माझी नजर त्यांच्याकडे होती, नॉबकडे नव्हती. कॅमेरा पडद्याआड दिला आणि बाहेर बसून आवाज मोजले. एकतीस. पहिली आपा बसली, बाकीच्यांची भीती जावी म्हणून. आतून हसणं ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, "हसू नको गं, सरकारी फोटो आहे, लग्नाचा नाही!"

बाहेर आल्यावर सुमन म्हणाली, "अगदी तुमी शिकवलं तसंच झालं जी. काही फरक नाही."

तिचं खरं होतं.

फिल्म धुतली तो शनिवार होता. सोमवारी ओळखपत्राचं शिबिर. मी सुमनला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग तुमी मले तो नॉब काहून नाही दाखवला?"

दोघं आपाकडे गेलो. तिला सकाळीच रक्ताची उलटी झाली होती. शमीमने मधे चादर धरली. रोल बिघडल्याचं मी सांगितलं, पलीकडून आपा बोलली.

"कितने बचे, भाई?"

"एकही नाही."

आपा हसायला गेली, तिला खोकला आला. "मतलब हाजीसाहब जीत गए."

"चूक माझी आहे. सुमनची नाही."

"फिर बाहर जाके यही बोलो. वो लोग बोलेंगे, खुदा ने रोक दिया. आदमी की गलती खुदा पे मत डालने दो."

मी बाहेर आलो. हाजीसाहेब आणि बाकीचे पुरुष तिथेच होते, बातमी आधीच पोचली होती. आपाचा दीर म्हणालाच, "उपरवाले को मंजूर नहीं था. बात खतम."

मी सोबत आणलेला कॅमेरा उघडला. हाजीसाहेबांसमोर फिल्म अडकवून खटका ओढला, नॉब फिरला. तोंड सोडवून ओढला, फिरला नाही. "बस, एवढंच झालं. हे मी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही."

हाजीसाहेबांनी स्वतः दोन वेळा खटका ओढून पाहिला. "ये तो मशीन की बात है," असं म्हणून ते मशिदीकडे निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही. पण नाही म्हणायला मागे थांबलेही नाहीत.

रविवारी सकाळी परत फोटो काढले. या वेळी सव्वीस जणी आल्या. पाच जणींना घरून निघू दिलं नाही. सुमनने प्रत्येक फोटोनंतर आतून ओरडून सांगितलं, "फिरला जी!" पंचवीस वेळा फोटो नीट निघाले. सव्विसावी आपा. तिला बसता येत नव्हतं. शमीमने मागून धरून ठेवलं. सुमनने दोन फोटो काढले. दोन्हीत मान कलती, डोळे मिटलेले.

सोमवारी शिबिरात मी स्वतः सोबत गेलो. कारकुनाने पंचवीस अर्ज ठेवून घेतले. आपाचा फोटो बाजूला सारला.

"हा चालणार नाही. चेहरा समोरून पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत."

"बाई आजारी आहे साहेब. त्यासाठीच तर पत्र पाहिजे."

"मला काय माहीत ही कोण आहे? मेलेल्या बाईचा फोटो आणला म्हणतील वरचे."

"मी ओळखतो तिला."

"तुम्ही चेहरा पाहिलाय का तिचा?"

मी नव्हता पाहिला. कागदावरच पाहिला होता. तसं सांगितलं. शमीम पुढे झाली. "मी पाहिलाय. दहा वर्षांपासून पाहून राहिले." मागच्या बायाही बोलल्या. कारकून म्हणाला, "नियमात साक्षीची सोय नाही. पुढच्या शिबिराला आणा."

पुढचं शिबिर चार महिन्यांनी लागलं. आपा त्याच्या तीन महिने आधी गेली, तुमसरातच, आपल्या घरी. पत्राशिवाय नागपूरचा नंबर लागला नव्हता. खाट मिळाली असती तर ती जगली असती का, हे मी सांगू शकत नाही. पहिल्या रोलवर तिचा फोटो नीट आला असता, एवढं सांगू शकतो. त्या दिवशी ती ताठ बसली होती, असं सुमन म्हणते.

घरात अडवलेल्या पाच जणींपैकी चौघींनी पुढच्या शिबिरात पत्र केलं. एकीचं शेवटपर्यंत झालं नाही. मी निगेटिव्ह मोजून परत दिले. आपाचे दोन शमीमने घेतले. त्यांचं काय केलं, हे मी विचारलं नाही. गुरुवारचा वर्ग आता ती घेते.

नंतर नाकाडोंगरीहूनही बाया यायला लागल्या, बाईच्या हातचा फोटो पाहिजे म्हणून. ते काम सुमनच करी. दुकानात शिकायला येणाऱ्यालाही तीच शिकवी. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यात रोल भरलेला असे. तो वाया जाई. जाऊ देत असू.