घरचं पाणी आणि मोनालीची तपासणी

आमच्या गावचे शेतकरी नानाजी यांची मुलगी मोनाली सातवीत माझी विद्यार्थिनी होती. गणिताचं उत्तर आलं तरी ते उलट करून पाहायची आणि मगच हात वर करायची. आता ती आरमोरीजवळच्या आमच्या गावात राहूनच एका कंपनीचं काम करते.

तिचं काम कर्नेलचं. संगणकाच्या पोटातला हा मूळ प्रोग्राम. बाकीच्या प्रोग्रामांना मेमरीतली जागा तोच देतो. ज्या जागेत बाहेरचं काही लिहिता येतं, तीच जागा हुकूम म्हणून चालवता आली, तर कुणीही आपला हुकूम आत घुसवेल. म्हणून जागा देताना एक तपासणी हवी. मोनालीने ती लिहिली आणि दारातच बसवली, प्रोग्राम जिथे मागणी घेऊन येतात तिथे. कर्नेल सांभाळणाऱ्या परदेशातल्या जाणत्यांनी ती मान्य केली. कर्नेलच्या येत्या आवृत्तीत ती तिच्या नावानिशी जाणार होती. सरपंच धनराजभाऊंनी पंधरा ऑगस्टच्या सत्काराची शालही आणून ठेवली.

एकच गोष्ट तिला टोचत होती. कर्नेलमधलेच काही जुने भाग दाराशी न येता आतल्या आत जागा घेत. त्यांना तिने सोडून दिलं होतं. आमच्याकडे तलावाच्या पाण्याची पाळी विचारतात, पण वरच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, मधला धुरा ओलांडून उतरणाऱ्या पाण्याला कुणी विचारत नाही. ते घरचं. मोनाली त्याच रिवाजात वाढलेली.

जुलैत नानाजींचे पऱ्हे, लावणीसाठी वाढवलेली धानाची रोपं, पिवळे पडले. वरच्या बांधीत शेजारच्या हरिदासने तणनाशक मारलं होतं आणि पाणी नेहमीसारखं खाली आलं होतं.

"सांगाचं तरी होतं बे," नानाजी धुऱ्यावरून म्हणाले.

"मले का मालूम? तुह्या बांधीले पानी विचारून कधी आलं?" हरिदास ओशाळून म्हणाला.

मोनाली पिवळी रोपं पाहत उभी होती.

"बाबा, हरिदासकाकाचं काही चुकलं नाई."

"मंग कोनाचं चुकलं?"

"आपन आपल्या बांधीच्या तोंडाशी पाहाले पायजे होतं."

घरी येऊन तिने कर्नेलमधल्या त्या जुन्या भागांच्या वाटा एकेक तपासल्या. एका वाटेने बाहेरचा माणूसही आत शिरू शकत होता. तपासणी हवी होती ती सगळ्या वाटा मिळतात तिथे. अगदी खोलही नको, कारण तिथे अर्धं काम होऊन गेलेलं असतं आणि नकार दिला तर मोडतोड निस्तरावी लागते. जागा हातात पडायच्या जरा आधी. सगळं नव्याने लिहावं लागणार होतं. तिने स्वतःच कळवलं की माझं काम या आवृत्तीत घेऊ नका.

नवी आवृत्ती तिच्या नावाशिवाय निघाली. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली धनराजभाऊंनी विचारलं, "मंग ह्या शालीचं का करू?"

"ठेवा पेटीत," नानाजी म्हणाले. "पोरीनं आपलंच काम वापस मागवलं. तिले कायची शाल?"

"कामाची जागा बदलवून राह्यली मी," मोनाली म्हणाली. "शाल हरिदासकाकाले द्या. पऱ्हे त्यायनं जाळले, म्हनून तं मले चूक दिसली."

पहिल्या रांगेतला हरिदास खाली मान घालून हसला. परवाच त्याने आपल्या बांधीचं तोंड चिखलाने बुजवलं होतं आणि औषध मारायच्या आधी नानाजींना हाक दिली होती.