शिकेकाईने धुतलेले गंगावन

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. पुण्यातल्या एका चित्रपट संग्रहालयातून गंगावन गेले होते. जुन्या काळच्या एका नायिकेने पडद्यावर मिरवलेली, खऱ्या केसांची लांबसडक वेणी. शेजारच्या मुकुटाला, दागिन्यांना कोणी हातही लावला नव्हता. काच पुसताना नोकर कपाट उघडे टाकून पाणी आणायला गेला, तेवढ्यात काम झाले.

मला हे एखाद्या हौशी संग्राहकाचे काम वाटले. बुधवार पेठेतली जुन्या वस्तूंची दुकाने आम्ही पालथी घातली. हाती काही लागले नाही.

बातमी छापून आल्यावर हडपसरचे एक निवृत्त कारकून ठाण्यात आले. कोरडेपणाने म्हणाले, "आमच्या शेजारच्या बाईंच्या डोक्यावर मूठभर पांढरे केस उरलेत. दोरीवर मात्र लांब काळे केस वाळताहेत. आपण पाहून घ्या."

आम्ही गेलो तेव्हा अंगणात शिकेकाईचा वास होता. चोर माल लपवतो, विकतो. धुऊन उन्हात घालणारा मी पहिल्यांदाच पाहिला. सत्तरीच्या त्या बाईंना दरडावावेही लागले नाही.

"चोरी कशाची, साहेब? माझ्या लेकीचं केस हायेत. धुळीनं पार राठ झालं होतं."

त्यांचा नवरा स्टुडिओसाठी केसांचे टोप बनवायचा. मुलगी विषमज्वराने गेली. आजारात कापलेले तिचे केस बाईंनी ट्रंकेत जपले होते. पुढे चित्रीकरणाची घाई झाली, लांब केस मिळेनात, तेव्हा नवऱ्याने बायकोला न विचारता तेच वापरले. हे त्याने सांगितले ते मरताना. तेव्हापासून बाई संग्रहालयात जाऊन काचेबाहेर उभ्या राहायच्या. पाटीवर नाव नायिकेचे होते.

पुढे न्यायालयाने वय पाहून त्यांना समज देऊन सोडले. गंगावन परत काचेत गेले. पाटीवर मुलीचाही उल्लेख करा, असे मी संग्रहालयाला सुचवले. त्यांनी पुरावा मागितला. गुन्हा उघडकीला आला की न्याय झाला, असे मी तोवर मानत असे. नंतर कधी मानले नाही.

त्या दिवशी जप्तीच्या वेळी पंचांसमोर बाईंनी फणी मागितली होती. केस विंचरून घट्ट वेणी घातली आणि आमच्या हवाली केली. वेणी कापडात गुंडाळून हवालदाराने लाख वितळवायला घेतली. तशा बाई पुढे सरकल्या.

"साहेब, जरा जपून. पोरीला चटका बसंल."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. सील तर लावावेच लागते.