भातावरची देवी

सुहासिनी टिपणीस पोळ्या लाटत होती आणि अनंतराव दाराच्या बेलचं झाकण काढून आत काय बिनसलंय ते बघत होते. कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच दारावर थाप पडली.

"बघ, बेल नसली म्हणून कोणाचं अडत नाही," असं म्हणत त्यांनी दार उघडलं.

दारात अंजनाबाई. चार बंगल्याच्या बाजारात बसणारी वेसाव्याची कोळीण. आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. अंगावर कडक नवी साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि हातात रुमालाने झाकलेलं ताट.

"आज पापलेट नाही?" अनंतरावांनी विचारलं.

"आज गुरुवार हाय शेट. खाणार व्हते काय?"

अनंतराव हसत बाजूला झाले. अंजनाबाई चपला काढून आत आली, तिने हॉलभर नजर फिरवली आणि पिठाच्या हातांनी बाहेर आलेल्या सुहासिनीला म्हणाली, "वहिनी, ओटी भरायची हाय. देवी कुठं बसवलीय तुमची?"

सुहासिनीने स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याकडे बोट केलं. अंजनाबाईने अन्नपूर्णेला, बाळकृष्णाला भक्तिभावाने हात जोडले, आणि पुन्हा वळली.

"ही नाय हो. ती पल्याडबाय."

हे नाव सुहासिनीने सहा-सात वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिचं पाळणाघर होतं याच हॉलमध्ये. बी.ए. झाल्यावर तिने एका कंपनीत थोडे दिवस नोकरी केली, लेकीच्या, सईच्या वेळी सोडली, आणि सई शाळेत जायला लागल्यावर शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा ओजस दुपारपुरता आणून सोडला, तो पहिला. मग एकाची चार झाली, चाराची दहा. सगळ्यांची ती सुहासमावशी. मुलं खेळायची छान, झोपायची छान, वाट लागायची ती जेवताना. भात गालात धरून बसायची. तेव्हा सुहासिनीने एक देवी रचली.

सुरुवातीला ती साधीच होती, राक्षस वगैरे मारणारी. पण ओजसने विचारलं, "राक्षसाने तिलाच मारलं तर?" घास आत जायला हवा होता, म्हणून सुहासिनी म्हणाली, "कसा मारेल? ती गोष्टीत नसतेच मुळी. गोष्टीच्या पल्याड बसलेली असते." झालं, तिचं नाव पल्याडाई पडलं. पुढे प्रत्येक हट्टी मुलागणिक तिची ताकद वाढत गेली. ती राक्षसाला मानगुटीला धरून दुसऱ्याच गोष्टीत नेऊन सोडायची. नको झालेली संध्याकाळ पुसून पुन्हा दुपार काढायची. 'एक होता राजा' म्हणायच्या आधीपासून ती होती आणि राजा मेल्यावरही असणार होती. जगात तिला अशक्य असं काही उरलं नाही, ते केवळ वरणभातामुळे.

अंजनाबाईची नात रुचिका सगळ्यांत चिवट. तिला आई नव्हती, बाप बळवंत समुद्रावर, म्हणून आजी बाजाराला जाताना तिला इथे सोडायची. तिने एकदा भर घासात विचारलं, "पल्याडाईला कोणी बनवलं? तू?"

सुहासिनी "हो" म्हणणार होती, पण ताटात दहीभात तसाच होता. "छे गं! तिनेच मला बनवलंय. ही मावशी, हा हॉल, हा दहीभात, सगळी तिचीच गोष्ट."

रुचिकाने ताट चाटून पुसून दिलं, आणि वर एक नियम काढला. आजीच्या शेजारणीकडे श्रावणातल्या कहाण्या 'संपूर्ण' म्हणून संपतात, तसं पल्याडाईच्या गोष्टीत कोणी म्हणायचं नाही. म्हटलं की गोष्टीचं दार बंद होणार आणि पल्याडाई आत अडकणार, मग कोणाच्या हाकेला येणार नाही. सगळ्या पोरांनी तो नियम पाळला. सुहासिनीनेही पाळला. मुलं मोठी झाली, करोनात पाळणाघर बंद पडलं, आणि गोष्ट तशीच उघडी राहिली.

"पण तिची ओटी कशाला?" आता तिने विचारलं.

अंजनाबाईने ताट टीपॉयवर ठेवलं. "बळवंतच्या बोटीचं इंजिन बंद पडलं ना मागं. वायरलेस पण लागंना. मी एकवीरेला बोलली, माऊंट मेरीला बोलली. रुचिका, एवढी कॉलेजातली पोरगी, भिंतीकडं तोंड करून पल्याडबायला बोलवत व्हती. तर मी पण बोलली. म्हटलं, बळवंतला आण, तुझी ओटी भरीन, आणि तुझी गोष्ट खाली बसून ऐकीन, मधी उठणार नाय."

"मग?"

"मग काय, रत्नागिरीच्या बोटीनं ओढून आणला. एकवीरेचं फेडलं, मेणबत्त्या लावल्या. ही राहिली. हिचं फेडल्याबिगर बोट सोडायची नाय, असं मी घरात सांगितलंय. खलाशी बसून हायेत. बळवंत ओरडतोय, आये, त्या पाळणाघरातल्या देवीपायी माझा मासळीसाठी भरलेला बर्फ वितळतोय!"

अनंतराव खो-खो हसले. "सुहास, तुझी बाई दर्यात पोचली गं!"

"अहो, गप्प बसा जरा." सुहासिनीला हसू येत नव्हतं. ओटी घ्यावी, तर जी नाही तिच्या नावाने घ्यायची, आणि उद्या बोटीला काही झालं तर? न घ्यावी, तर बोट किनाऱ्यावरच. तिने पदराला हात पुसले आणि अंजनाबाईसमोर बसली.

"अंजनाबाई, खरं सांगते, रागावू नका. ती देवी कुठेच नाही. मी रचलीय, पोरांनी भात खावा म्हणून."

अंजनाबाईने ताटावरचा रुमाल काढला. "रुचिका बोलली, वहिनी असंच बोलणार. ती सांगते, तिनंच तुम्हाला रचलं. तुम्हीच बोलला व्हता तिला."

"बोलले होते," सुहासिनी म्हणाली.

"मग तुमचं तुम्ही दोघी बघा. मी नवस बोलली, तो मला फेडायचाय. बर्फ वितळतोय."

अनंतराव कधी नव्हे ते स्वतःहून आत गेले आणि गॅस बंद करून आले. सुहासिनीने पाट मांडला. कुठे मांडावा हा प्रश्नच होता. शेवटी पोरं जेवायला बसायची त्या भिंतीशी, मोकळाच मांडला. अंजनाबाईने त्या रिकाम्या पाटावर खण ठेवला, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसली. इतक्या वर्षांत या घरात ती पहिल्यांदा बसत होती. दारातूनच पोरीला उचलायची आणि निघायची, आणि पोरगी जिन्याभर रडत जायची, गोष्ट राहिली म्हणून.

सुहासिनीही मांडी घालून बसली. "पहिल्यापासून सांगते. हिला शेवट नव्हता कधी, पण आज काढते काहीतरी. नवसाची गोष्ट अर्धी नको. शेवटी रीतसर 'संपूर्ण' म्हणते, म्हणजे तुम्ही मोकळ्या."

अंजनाबाईने तिचा हात धरला.

"गोष्ट सगळी सांगा वहिनी, मी बसलीय. तेवढं 'संपूर्ण' म्हणू नका. बळवंत उद्या परत दर्यात जाणार हाय."