ग्रहणाच्या आदल्या दिवशीचं पाणी

परवा फोनवर तुम्ही दोघं होतात आणि तुमच्यातल्या डॉक्टरकी शिकणाऱ्याने मला विचारलं, "आजी, पेनिसिलिन तर तेव्हा होतं ना? तू तर ते बनवणाऱ्या कारखान्यातच होतीस. मग ती गेली कशी?" मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. आवाज नीट येत होता.

ती म्हणजे माझी धाकटी बहीण, तुमच्या बाबांना जन्म देणारी. तिचा फोटो तुम्ही पाहिला आहे. बाळंतपणानंतरच्या तापाने गेली एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचं मी कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर आधी सशांबद्दल सांगावं लागतं, आणि सशांबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलता येत नाही.

तेव्हा पिंपरीला कारखाना नवा होता. भोवती माळ, ज्वारीची रानं, मुंबईचा रस्ता आणि रेल्वे. मी पुण्याहून बी.एस्सी. झालेली, नुकतं लग्न झालेली. आम्ही चिंचवडला दोन खोल्यांत राहत होतो. मला औषध तपासायच्या विभागात काम मिळालं. पेनिसिलिनचा एक लॉट तयार झाला की त्याच्या नमुन्याच्या बाटल्या आमच्याकडे येत. औषधाचा जोर किती, त्यात जिवंत जंतू आहेत का, ते बघणारे वेगळे. माझ्याकडे ताप होता. म्हणजे हे औषध टोचल्यावर माणसाला उगाच ताप चढेल का, हे आधी सशांवर बघायचं.

एका लॉटला तीन ससे. त्यांना लाकडी खोड्यात बसवायचं, मान तेवढी बाहेर. आधी त्यांचं नेहमीचं तापमान घ्यायचं. थर्मामीटर कुठे लावतात हे तुम्हाला कळेलच. औषधाची पूड मिठाच्या पाण्यात विरघळवून कानाच्या शिरेत टोचायची आणि मग दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा ताप बघत राहायचं. चढला नाही तर लॉट पास. चढला तर लॉट थांबला. ससा ओरडत नाही, म्हणून ते काम सोपं वाटतं. मला ते कधीच सोपं वाटलं नाही, पण मी ते नीट करत असे.

ससे सांभाळायला भोसरीची एक मावशी होती. वयाने माझ्या आईएवढी. शेतातल्या पायवाटेने चालत यायची. आई मेलेली पिल्लं ती कापसाची वात दुधात बुडवून जगवायची. परीक्षेसाठी ससा मागितला की आधी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि मगच हातात द्यायची.

"काय सांगता हो त्याला?" मी एकदा विचारलं.

"सांगती, बाई शिकल्याली हाय, हात हलका हाय तिचा. भिऊ नगं." मग हळूच म्हणाली, "खोटंच सांगती."

त्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उष्म्याने बरेच ससे दगावले. म्हणून आमच्या साहेबांनी ठरवलं, की औषधाशिवाय नुसतं मिठाचं पाणी टोचून बघायची जी चाचणी रोज व्हायची, ती आता फक्त महिन्याच्या पहिल्या सोमवारी करायची. ससे वाचवायचे होते. मलाही ते पटलं होतं.

आणि मग ग्रहण आलं. मोठं ग्रहण होतं, भर दिवसा. वेध लागल्यापासून कोणी पाण्याची भट्टी पेटवायला, पाणी भरायला तयार होईना. साहेब मद्रासकडचे, परदेशात शिकलेले. पण त्या दिवशी तेही घरात बसणार होते. म्हणाले, "डिस्टिल्ड पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा. ग्रहणानंतरच्या दिवशी वाफेवर निर्जंतुक करू, म्हणजे झालं." एरवी नियम असा, की पाणी ज्या दिवशी काढलं त्याच दिवशी वापरायचं. पण उकळून वाफेतून काढलेल्या पाण्यात काय राहणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तो मोठा काचेचा बुधला मीच कापडाने झाकून ठेवायला सांगितला.

ग्रहणाच्या दिवशी मी पुण्याला माहेरी होते. बहिणीचे दिवस भरत आले होते. आईने तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं. चिरायचं नाही, कापायचं नाही, हलायचं नाही. ती कंटाळून म्हणाली, "ताई, तुझ्या सशांना सांगितलंस का ग्रहण पाळायला? त्यातली एखादी गाभण असेल तर?"

"आमच्याकडे मावशी आहे, तिने सांगितलं असेल."

"मग बरंय. निदान सशांचे कान तरी फाटके निघणार नाहीत." आणि आईची पाठ वळताच तिने खिडकीतल्या कैरीची फोड करून मीठ लावून खाल्ली. मलाही दिली. बाहेर "दे दान सुटे गिरान" म्हणत लोक दारोदार फिरू लागेपर्यंत आम्ही दोघी तोंड दाबून हसत होतो. ते तिचं शेवटचं हसणं, असं म्हणणार नाही. नंतर बाळ झाल्यावरही ती हसली. पण मला ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात मीठ घालून, गाळून आम्ही पंधरा दिवसांचे काचेचे चंबू भरले, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले आणि बंद केले. त्यानंतर जो लॉट तपासला तो थांबला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. ससे तापत होते. कान हाताला गरम लागायचे, डोळे मिटून बसायचे. ज्या विभागात औषध तयार होई तिथले एक जण तावातावाने आले.

"अहो बाई, आमचा माल काय बिघडतो काय रोज रोज? तुमचे ससेच आजारी असतील. बदला की राव ससे!"

"ससे सकाळी बरे होते. औषध टोचल्यावर तापले."

"मग हात बदला," असं म्हणून ते गेले.

त्याच दिवसांत बहीण बाळंत झाली. घरीच, सुईणीच्या हातून. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. सरकारी दवाखान्यात नेलं. सल्फाच्या गोळ्या दिल्या, उतार पडेना. डॉक्टर म्हणाले, पेनिसिलिन हवं. दवाखान्यातलं संपलं होतं. पेठांमधल्या औषधवाल्यांकडे नव्हतं. सगळे म्हणायचे, पिंपरीहून माल आलेला नाही. तिचे यजमान मुंबईला गेले आणि हिंडून हिंडून थोड्या बाटल्या घेऊन आले. त्या टोचल्या तेव्हा ताप उतरला. तिने पेज मागितली. बाटल्या संपल्या, ताप पुन्हा चढला. ते परत मुंबईला गेले, पण या वेळी काही मिळालं नाही.

आई खाटेशी बसून मला म्हणाली, "ग्रहणात कैरी कापलीन तिने. तू होतीस ना तिथे? बघत बसलीस."

"आई, कैरीने ताप येत नाही."

"मग कशाने येतो? तू शिकलीस ना, सांग."

जंतूंनी येतो, आणि ते मारणारं औषध मी काम करते तिथे आहे, हे आईला कसं सांगणार होते? तर, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की पेनिसिलिन होतं. माझ्या कपाटात होतं. थांबवलेल्या लॉटच्या नमुन्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असायच्या आणि किल्ली माझ्या कमरेला. मी रोज कपाट उघडत होते आणि बंद करत होते. ज्या औषधाने तीनही ससे माझ्या डोळ्यांदेखत तापले, ते आधीच तापाने फणफणलेल्या बहिणीला टोचायचं? आणि ससे खोटं सांगत असतील तर? चांगलं औषध काचेआड ठेवून मी तिला मरू देत होते का? हे दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात असायचे. बसमध्ये उभी असताना मी पुटपुटत असे, लोक बघायचे.

शेवटी साहेबांसमोर उभी राहिले. म्हणाले, "सर, नुसतं पाणी टोचून बघू या. औषधाशिवाय."

"ती चाचणी पहिल्या सोमवारी. ससे किती उरलेत तुम्हाला माहीत आहे."

"सोमवारपर्यंत माझी बहीण राहणार नाही."

त्यांना बहिणीबद्दल माहीत नव्हतं. मी घरचं काही कामावर बोलत नसे. मग ते स्वतः उठून शेडमध्ये आले. मावशीने न तापलेले, विसावलेले तीन ससे निवडून आणले. मी त्या चंबूतलं नुसतं मिठाचं पाणी त्यांच्या कानांत टोचलं. आम्ही तिघंही तिथेच बसून राहिलो. पहिल्याचा पारा चढला तेव्हा मला वाटलं, माझे डोळे फसवत आहेत. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. सशांना ताप चढला म्हणून मी रडले, आनंदाने. अशी गोष्ट माझ्या आयुष्यात ती एकच.

"औषध चांगलं आहे, सर. पाण्यात दोष आहे. मला बाटल्या द्या."

साहेब म्हणाले, "पाणी वाईट आहे एवढं कळलं. औषध चांगलं आहे हे अजून कळलेलं नाही. दोन्ही वाईट असू शकतं."

ते बरोबर होते. आजही मी तेच म्हणेन. त्या क्षणी मात्र त्यांच्या टेबलावरचं सगळं खाली फेकावं असं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे पाण्याची भट्टी पेटवायला लावली. सगळी काच पुन्हा कोरड्या आचेत भाजायला घातली. दुसऱ्या दिवशी ताज्या पाण्यात तेच औषध, उरलेले तीन ससे.

ग्रहणाच्या दिवशीही सशांना पाला घालायला मावशी एकटी आली होती. काच थंड होत होती तेव्हा साहेबांनी तिला विचारलं, "ग्रहणाच्या आदल्या दिवशी भरलेल्या बुधल्याला कोणी हात लावला होता?"

"कोन लावतंय?" ती म्हणाली. "म्याच काय ती तुळस टाकली. वर नुसतं फडकं, गिरान लागलं असतं की. सकाळच्याला पान काढून टाकलं बगा मी, न्हाईतर तुमच्या नळीत अडाकलं असतं."

तिने ते इतक्या सहज, जरा अभिमानानेच सांगितलं. घरोघरी आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान टाकलं होतं. आईने टाकलं होतं. साहेबांच्या घरी दर्भ टाकला असेल. पण पानावरचे जंतू रात्रभर कोमट पाण्यात वाढले. वाफेने ते मेले, पण मेलेल्या जंतूंचं ताप आणणारं विष वाफेला दाद देत नाही. ते पाण्यात तसंच राहतं. नुसत्या शिळ्या पाण्यातही काही जंतू वाढलेच असते. पानामुळे किती आणि शिळेपणामुळे किती, हे वेगळं काढता येत नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी आदल्या दिवशी भरायला सांगणारे ते होते. "बरं, जा तुम्ही," एवढंच ते तिला म्हणाले. ती पाला आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी ससे तापले नाहीत. दुपारी पारा पाहिला आणि लॉट सुटला. साहेबांनी सही केली आणि कारखान्याच्या गाडीने दवाखान्याचा माल पाठवताना मलाही बसवलं. खोकं मी मांडीवर धरलं होतं. दापोडीच्या पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. मी उतरून गाडीवानांना हात जोडले. ते बिचारे भराभर कडेला झाले.

पहिलं इंजेक्शन दिलं तेव्हा तिने मला ओळखलं नाही. दर काही तासांनी टोचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप थोडा उतरला. आई म्हणाली, "बघ, उतरला." तो औषधाने उतरला नव्हता, शरीर हरलं म्हणून उतरला होता. हातपाय गार पडले होते. दुपारी ती गेली. डॉक्टर निघताना म्हणाले, "मधे खंड पडला नसता तर..."

बाळाला कोण सांभाळणार हा प्रश्न होता. आई खचली होती, बाळाचे वडील एकटे पडले होते. तुमच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मला विचारलंही नाही. टोपलीवजा पाळणा घेऊन आले आणि चिंचवडच्या खोलीत टांगला. बाळ वरच्या दुधाला तोंड लावीना. बोंडल्याने पाजलं की बाहेर काढायचं. दिवसेंदिवस वाळत चाललं. मी रजेवर होते. एक मूल गमावून झालं, आता हे दुसरं, असं मनात यायचं. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान, माझ्याच कडेवर वाढलेली, ती मला मुलासारखीच होती.

मावशीला कोणीतरी सांगितलं असावं. ती भोसरीहून शेळीच्या दुधाची चरवी घेऊन आली. बाळाला मांडीवर घेतलं, त्याचे कान चाचपले, जसे सशांचे चाचपायची. म्हणाली, "जगंल. ह्याच्याहून बारकी जगवल्याती मी." कापसाची वात वळली. मी दूध तापवून, कोमट करून वाटीत दिलं. माझ्या दाराशी डब्यात तुळस होती. तिने बसल्या बसल्या हात लांबवून एक पान खुडलं आणि वाटीत सोडलं.

"मावशी, पान नको."

"का वो बाई? तुळशीचं हाय."

मला काहीतरी बोलता आलं असतं. घशाला त्रास होईल, असं काही. मी नुसती वाटीकडे बघत राहिले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीतल्या पानाकडे, मग बाळाकडे. साहेबांनी त्या दिवशी तिला काय विचारलं होतं, ते तिला आठवलं असणार. तिचा चेहरा मी पाहत होते आणि मला नजर काढून घेता येईना.

तिने दोन बोटांनी पान काढलं. दूध मोरीत ओतलं. वाटी राखेने घासली, धुतली, पुन्हा घासली. चरवीतलं उरलेलं दूध पातेल्यात ओतून स्टोव्हवर ठेवलं आणि उकळी येऊनही ते खाली उतरवेना.

"पुरे, मावशी," मी म्हणाले.

"असू द्या," ती म्हणाली. "अजून उकळू द्या."

तुमचे बाबा भुकेने रडत होते.