नवी डिस्क आणि समोरच्या घरातलं लगीन

आमच्या घरात लग्नाचं काम दोघांत वाटलेलं आहे. नवरा शूटिंग करतो आणि मी घरी कॉम्प्युटरवर बसून त्याची फिल्म करते. जळकोटात आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या कितीतरी लग्नांतले रुसलेले जावई मी कापून टाकलेत. जेवताना तोंड उघडं पडलेल्या करवल्यांना वाचवलंय. तरी रस्त्यात भेटल्यावर ओळख कोणी देत नाही, ते सोडा. काम मला आवडतं. नवऱ्याचा ‘बघू की नंतर’ हा स्वभाव तेवढा आवडत नाही.

जुनी डिस्क टकटक वाजायला लागली तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, नवी आण. तो म्हणाला, बघू. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही त्याच्या घराण्याची रीत. आणि त्या टकटकणाऱ्या डिस्कवर नेमकं समोरच्या घरातलं लग्न होतं.

समोरच्या घरातल्या काकांना सगळी गल्ली मामा म्हणते. त्यांना एकुलती एक लेक. हळदीच्या दिवशी मांडवाला डहाळे बांधायला माणसं होती, पण दुसऱ्यानं बांधलेलं मामांना पटत नाही. स्वतः शिडीवर चढले आणि खाली आले ते पाय मोडूनच. त्यांना लातूरला दवाखान्यात नेलं. तिथून त्यांनी निरोप धाडला, मुहूर्त मोडायचा नाही. लग्न झालं. कोणीतरी त्यांना मोबाइलवर दाखवायचा प्रयत्न केला, पण बँडबाजा आणि आमच्या गावचं नेटवर्क, दोन्ही एकदम जमत नाही. मामांना दिसलं ते फिरणारं गोल चाक.

त्यांनी आधीच माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं होतं, “अक्षता पडताना माझ्या लेकीचं तोंड दिसलं पायजे. बाकी काय बी न्हाई घेतलं तरी चालतंय.”

नवऱ्यानं घेतलं. चांगलं घेतलं. मग घरी येऊन सगळं जुन्या डिस्कवर उतरवलं, कॅमेऱ्याची कार्डं पुसली आणि पुढच्या लग्नाला गेला. म्हणजे मामांच्या लेकीचं लग्न आता या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि ते ठिकाण टकटक करून राहिलं होतं. मी ती डिस्क सोडवून बाजूला ठेवली. उगीच चालवली तर होता नव्हता तो जीवही गेला असता. मग मी अशी भडकले की नवऱ्यानं नांदेडच्या शूटिंगवरून येताना नवी डिस्क आणलीच. पिशवी माझ्या हातात देऊन लगेच देगलूरच्या लग्नाला पळाला. माझ्या तोंडाला घाबरूनच गेला असावा.

आता आमच्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू विभूती-कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं, कॅमेऱ्याला लावलं तेव्हा नशिबानं पुढचं झाकण बंद होतं. डिस्क आली तशा आत्याबाई तांब्याचं ताट घेऊन हजर. मी म्हटलं, करा, पण पाणी सांडू नका. तेवढ्यात मामींचा, म्हणजे मामांच्या बायकोचा, लातूरहून फोन आला. उद्या यांना घरी सोडणार, आणि यांनी सकाळपासून एकच लावलंय, आधी लग्न बघायचं, मग घर. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवून आत आले तर डिस्कच्या पाठीवर विभूतीची तीन बोटं आणि मधोमध कुंकू, अगदी थाटात. वरचं पुसलंही नाही. राहू दे म्हटलं, आशीर्वादच आहे.

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून डिस्क बसवली, वायरी लावल्या. स्क्रीनवर दिसली. मी खूश. फॉरमॅटला लावली. हिरवी पट्टी थोडी सरकली आणि थांबली. मग लिहून आलं की फॉरमॅट पूर्ण होऊ शकलं नाही. परत लावली. परत तेच. सगळे भाग पुसून पुन्हा कोरी करायचा हुकूम दिला, तर डिस्कच गायब झाली. मशीन बंद करून चालू केलं, आली. पुन्हा पट्टी, पुन्हा थांबली. माझ्या नाकी नऊ आले.

नांदेडच्या दुकानदाराला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ताई, घरात कोणी माणूस हाय का? मी म्हटलं, मी काय म्हैस आहे का? मग तो जरा सरळ आला. वायर बदला म्हणाला, दुसऱ्या खाचेत लावा म्हणाला. तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकणंच ते, पण मी सगळं केलं. नवी वायर लावली की पट्टी जरा पुढं जायची आणि मला आशा लावून पुन्हा थांबायची. शेवटी तो म्हणाला, पीस खराब असेल, पाठवून द्या, कंपनीकडून बदलून यायला वेळ लागतो. वेळच तर नव्हता. मशीनमधल्या दुसऱ्या, छोट्या डिस्कवर विंडोज कसंबसं मावतं, तिथं लग्न कुठं ठेवू? मामा दारात आले की त्यांना काय दाखवू, फिरणारं चाक? खरं सांगते, त्या संध्याकाळी मला रडू आलं.

आत्याबाईंनी माझा चेहरा बघितला. देवापुढं दिवा लावला, आणि देवाला सांगितलं की सून कावलीय, काहीतरी कर.

सकाळी मी पुन्हा मशीनपुढं बसले तर टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग चाललेली. लाल, बारीक, शिस्तीत. कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात शिरत होत्या आणि थेट नव्या डिस्कच्या मागं, जिथं वायरी घुसतात तिथं गोळा होत होत्या. मी विचारात पडले. डिस्कमध्ये मुंग्यांचं काय काम? मशीन बंद केलं, वायर उपटली. खाचेतल्या सोनेरी पट्ट्यांवर तपकिरी, चिकट काहीतरी बसलेलं. बोट लावलं. वास घेतला. गूळ.

“आत्याबाई!”

त्या शांतपणे आल्या. मी बोट दाखवलं. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तशा हसल्या.

“तोंड गोड केलं की गं त्याचं. नवा बैल आणला तर गूळ चारत न्हाईत का? तोंड कुठं हाय ते बघितलं, तर एका बाजूला सोन्याचे दात दिसले. तिथं लावला.”

मी लई बोलले त्यांना. गुळानं मशीन मरतं, मामांचं लग्न मरतं, आता या खोलीत ताट घेऊन यायचं नाही, सगळं बोलून घेतलं. आत्याबाईही गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, कॅमेऱ्याला केलं तवा दोन वर्षं बिनबोभाट चालला, तवा न्हाई बोललीस. पण मग ताट घेऊन गेल्या, आणि त्यानंतर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच बघत उभ्या राहिल्या.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घरात होतं. त्यात कापूस बुडवून एकेक पट्टी हलक्या हातानं पुसली, मग लेन्स पुसायच्या स्पिरिटनं, मग जुन्या मऊ ब्रशनं. गूळ लागलेल्या वायरी फेकल्या. डिस्क पंख्याखाली ठेवली आणि ती वाळेपर्यंत मला चहाही गोड लागेना. मग कोरी वायर, कोरी खाच. हिरवी पट्टी सरकली. थांबायची जागा आली, तिथून पुढं गेली. उंबऱ्यावरून आत्याबाईंनी विचारलं, खाल्लं का त्यानं? मला हसू आवरेना. फॉरमॅट झालं.

मग जुनी डिस्क जोडली. टकटक, टकटक करत तिनं एकेक फाइल नव्या डिस्कच्या ओटीत टाकली. मी खुर्ची सोडली नाही. शेवटची फाइल उतरली आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

मामा घरी गेलेच नव्हते. पायाला प्लास्टर, खांद्याला धरून दोघांनी आत आणलं, माझ्याच खुर्चीवर बसवलं. मामी होत्या, आणि सासरहून आलेली लेकही होती. मी म्हटलं, मामा, अजून काही कापलेलं-जोडलेलं नाही, गाणी नाहीत. ते म्हणाले, गाणी लई ऐकली, लाव.

मी लावलं. मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाटामागं लेक खाली मान घालून उभी, आणि स्क्रीनबाहेर तीच लेक बापाच्या खुर्चीला टेकून उभी. मामा पुढं वाकून बघत होते. त्यांचे हात रिकामे होते आणि ते उगीच मांडीवर चाळवत होते. ते मला दिसलं, आणि उंबऱ्यावरच्या आत्याबाईंनाही दिसलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, कुंकवात घोळलेली ज्वारी, आमच्याकडं अक्षतांना हीच, मूठभर घेऊन आल्या, आणि उंबऱ्यापाशीच थांबून माझ्याकडं बघायला लागल्या.

“या आत, आत्याबाई,” मी म्हटलं.

त्यांनी ज्वारी मामांच्या ओंजळीत घातली. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला, आणि मामांनी अक्षता टाकल्या. अर्ध्या स्क्रीनवर, अर्ध्या मागं वळून लेकीच्या डोक्यावर. ज्वारी की-बोर्डात गेली, उघड्या डब्यात गेली, नव्या डिस्कवर टपटप वाजली. मी बघत राहिले. मलाही रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

मामांनी डोळे पुसले आणि खुर्चीला पाठ टेकली.

“हं,” ते म्हणाले. “आता लागलं लगीन.”