वरणाच्या रंगाची भिंत

वरणमॅडमवर अन्याय झाला तो चौऱ्याण्णव सालच्या भाऊबीजेला, सकाळी, कॉलेज बंद असताना. मुद्दाम बंद असतानाच. ज्यांनी तो केला त्यांना आपण काही केलं असं आजही वाटत नाही. "भिंत रंगवली, त्यात काय एवढं?" असं ते विचारतात. त्यात काय, ते मी सांगते. अंबरनाथच्या त्या कॉलेजात तेव्हा जे जे शिकले त्या सगळ्यांनी ती भिंत पाहिली आहे. तिच्याखाली बसून चहा प्यायला आहे. आणि ती गेली तेव्हा बहुतेकांनी कपातून मानही वर केली नाही.

मॅडम बदलापूरहून यायच्या. वाणिज्य शाखेला जाहिरात हा विषय शिकवायच्या, तोही तासांवर. म्हणजे पगारापुरत्या हजर, निर्णयापुरत्या गैरहजर. त्याआधी मुंबईत एका जाहिरात कंपनीत अक्षरं काढायचं काम करत होत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ते सोडलं. त्यांच्या हातात कायम रंगाचं शेडकार्ड असायचं, पत्त्यांच्या जोडासारखं. समोर येईल त्याला ते लावून बघायची खोड. वड्याला लावायच्या, उसळीच्या तर्रीला लावायच्या, कुणाच्या नव्या ओढणीला लावायच्या. एकदा भर मीटिंगमध्ये प्राचार्यांच्या सफारीच्या बाहीला लावलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सर, हा रंग भिंतीला नको. तुम्ही उभे राहिलात तर दिसणार नाही."

कॉलेजला पंचवीस वर्षं होत होती म्हणून कँटीनचं रूप पालटायचं ठरलं. इतर कुणी अंगाला लावून घेईना, म्हणून काम मॅडमच्या गळ्यात पडलं. "काहीतरी मॉडर्न करून टाका," एवढाच हुकूम. दुसऱ्या कुणी आठवड्यात उरकलं असतं. मॅडमनी वर्ष घेतलं. आधी बघायचं, मग विचारायचं, मग रंगवायचं, ही त्यांची रीत. स्टाफरूममध्ये खसखस पिकायची. "काय मॅडम, पीएचडी वड्यावर का चटणीवर?" मॅडम म्हणायच्या, "खाणाऱ्यावर."

पहिली चूक मॅडमनीच केली, आणि ती आमच्याच भागात होऊ शकते अशी चूक होती. पुस्तकात वाचलं होतं की हिरवा रंग मनाला शांत करतो. त्यांनी खिडकीजवळचा एक कोपरा हिरवा रंगवून बघितला. दुपारी ट्यूबलाइट लागली आणि बटाटेवड्याला बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं. ते एक वेळ चाललं असतं. पण दंगलींना अजून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार मुलं आली. "मॅडम, हिरवा कोणी सांगितला?" मॅडमनी भगव्याचं कार्ड काढलं, तर त्यांचे चेहरे उजळले आणि दुसऱ्या टेबलावरचे चार उठून आले. निळा काढला, लाल काढला. प्रत्येक रंगाला एक मालक होता. कार्ड संपत आलं तसं मॅडमना हसूच फुटलं. त्यांनी कँटीनच्या काकांना हाक मारली, "काका, वरणभाताची एक प्लेट द्या." ती मध्ये ठेवली आणि विचारलं, "हा कोणत्या पक्षाचा आहे, सांगा?"

एकजण म्हणाला, "हा तर आजारी माणसाचा."

"चालेल. आजारी तर आपण आहोतच."

त्या दिवसापासून त्यांचं नाव वरणमॅडम पडलं आणि भिंतीचा रंग ठरला.

माझी नि त्यांची गाठ मात्र कँटीनमध्ये पडली नाही. मी कँटीनमध्ये बसतच नव्हते. दारावर पाटी होती: 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.' मी चिखलोलीची, आगऱ्याची पोर. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. पहिल्या वर्षी एकदा आत बसून डबा उघडला तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीने रुमाल नाकाला लावला आणि मला उठवायचा काकांना वरून निरोप आला. घरी येऊन मी आईवर चिडले तर आई म्हणाली, "सुकट नको तं काय देऊ? श्रीखंड?" तेव्हापासून मी, वांगणीची सुमन आणि आणखी बरेच जण जिन्याखाली, सायकलींच्या मागे बसून जेवायचो. पाटी सगळ्यांना एकच होती, असं व्यवस्थापन म्हणायचं. साफ खोटं. कुणाच्या घरचा ढोकळा आत चालायचा. वड्याच्या पैशाला महाग असलेल्याचा आणि वास येणारा डबा, एवढाच बाहेरचा.

मॅडम जिन्याखाली आल्या त्या आम्हाला शोधतच. कँटीनमध्ये कोण येतं हे बघून झालं होतं, आता कोण येत नाही ते बघायचं होतं.

"इथे का बसता गं?"

"बाहेरचं खाणं आत चालत नाही, मॅडम."

"पण हे तर घरचं आहे."

मी झाकण लावलं. त्या खाली फरशीवर बसल्या, कडक इस्त्रीच्या साडीसकट. "काय आहे?"

"सुकट."

"उघड. ती कुठल्या रंगावर चांगली दिसते ते बघायचंय मला."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच कार्ड पसरलं. एकेक रंग डब्याच्या बाजूला धरत गेल्या. पांढऱ्यावर सुकट मळकट दिसली. वरणाच्या पिवळ्यावर आली आणि तिचा तांबूसपणा उठून दिसला. सुमन म्हणाली, "आईशप्पथ, हॉटेलची वाटते!" मी म्हटलं, "घ्या ना मॅडम थोडी." त्यांनी सरळ मान हलवली. "नाही जमायचं गं मला. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा नसतो. पण मी खात नाही म्हणून तू जिन्याखाली का?"

एवढं सरळ वाक्य मी मोर्च्यांतल्या भाषणांतही पुढे ऐकलं नाही.

मग त्यांनी मला कामालाच लावलं. मी तेव्हा विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायची, हातानेच, जाड ठशात, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्हं. त्यांनी एक पत्रक हातभर लांब धरलं. "तुझं अक्षर ओरडतंय. ओरडणाऱ्याचं काय होतं माहीत आहे? आवाज कळतो, शब्द कळत नाहीत." कँटीनच्या अक्षरांसाठी त्या वेगवेगळ्या आकाराचे कागद भिंतीला लावायच्या आणि रांगेच्या शेवटच्या मुलाला वाचायला सांगायच्या. चष्मा विसरलेला असेल तर जास्तच खूश व्हायच्या. मेन्यूतली दोन अक्षरं एकमेकांना चिकटली की म्हणायच्या, "यांना श्वास घेऊ दे." ज्याच्या खिशात एकाच चहाची सोय आहे त्याला भाव दुरूनच दिसला पाहिजे, काउंटरवर येऊन परत फिरायची पाळी येता कामा नये, हा त्यांचा हट्ट. अक्षर मोठं ठेवायचं ते ह्यासाठी, शोभेसाठी नाही.

नावावरून तर महाभारत झालं. व्यवस्थापनाला देणगीदाराच्या वडिलांचं नाव हवं होतं. मॅडम मला घेऊन उल्हासनगरला, कँपातल्या एका लेबलवाल्या सिंधी शेठकडे गेल्या. जीन्सवर, साबणावर, फरसाणावर लागणारी लेबलं तो छापायचा. मॅडमनी विचारलं, माल कुठल्या नावाने जवळचा वाटतो? शेठने आम्हाला थंडा पाजला आणि म्हणाला, "दीदी, लेबल किसके लिए? जो माल को पहचानता नहीं. तुमच्या पोरांना कँटीन माहीतच हाय ना? खाली-पीली खर्चा कशाला?"

"मुलं कँटीनला ओळखतात हो शेठ. कँटीन मुलांना ओळखत नाही."

तेवढ्यात दुकानात कुणी गिऱ्हाईक शिरलं तसा शेठ सवयीने ओरडला, "आओ साईं, बैठो!" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणी दारात आलं की आई काय म्हणते?"

"या, बसा."

"आमच्याकडेही तेच. संपलं काम."

असं ते नाव आलं. 'या, बसा.' वरणाच्या रंगाच्या भिंतीवर, गडद तपकिरी, ठसठशीत, कसलीही वेलबुट्टी नाही. आणि त्याखाली, जुनी मनाईची पाटी होती त्याच जागी: 'घरचा डबा इथेच उघडा.' ह्या दुसऱ्या ओळीसाठी मॅडम प्राचार्यांशी भांडल्या. पहिली ओळ ठेवा, दुसरी काढा, असं ते म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "मग पहिली खोटी पडते, सर."

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये आम्ही जिन्याखालून उठलो. भाषणं नाहीत, फीत नाही. मी आणि सुमन आत गेलो, भिंतीखालच्या टेबलावर बसलो आणि डबा उघडला. रुमालवाल्या मुलीने ह्या वेळी नाक मुरडलं, पण उठायला सांगितलं नाही. भिंतीवर लिहिलेलंच होतं. गणपतीनंतर एकदा तिनेच विचारलं, "ए, हे तिखट असतं का गं?" चार महिने. आमच्या वाट्याला एवढेच आले.

मग थंड पेयाची एक कंपनी आली. फ्रीज फुकट, खुर्च्या फुकट, रंग फुकट. अट एवढीच की भिंत त्यांच्या जांभळ्या रंगाची, नाव त्यांचं, आणि बाहेरचं खाणंपिणं बंद. मॅडमना मीटिंगला बोलावलंच नाही. तासांवरच्या माणसाला कशाला बोलवायचं? प्राचार्य नंतर कॉरिडॉरमध्ये म्हणाले, "मॅडम, फुकट मिळतंय सगळं. भावना बाजूला ठेवा." वर्षभराच्या कामाला त्यांनी भावना म्हटलं! हिशेबाला व्यवहार म्हणतात आणि माणसाच्या जेवणाच्या जागेला भावना, अशी ही शिकलेली माणसं.

भाऊबीजेच्या सकाळी कँटीनचे काका स्कूटरवरून मॅडमच्या घरी गेले. "मॅडम, पेंटर आलेत." मॅडम ओवाळणीच्या तयारीत होत्या, तशाच रेशमी साडीत निघाल्या. काकांनी वाटेत मला घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा 'डबा'ची ओळ गेली होती आणि वर फक्त 'या' उरलं होतं. मी पेंटरवर ओरडले. मॅडमनी मला हाताने थांबवलं. त्याचा काय दोष? त्यांनी त्याला एकच विचारलं, "जुना रंग खरवडला नाहीत?"

"नाही ताई. टाइम नाय. आजच खल्लास करायचंय. वरनंच मारतोय."

"बरं," मॅडम म्हणाल्या. आणि शेवटचं 'या' बुजेपर्यंत उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. बसा म्हणणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.

सुट्टीनंतर आम्ही डबे घेऊन जांभळ्या भिंतीखाली बसलो. शिपायाकरवी आम्हाला उठवलं गेलं. मी पत्रक काढलं, ह्या वेळी एकही उद्गारचिन्ह न घालता, आणि ते रांगेच्या टोकापर्यंत वाचलं गेलं. म्हणूनच झोंबलं. मॅडमना बोलावून विचारलं, "हे अक्षर तुम्ही शिकवलंत?" त्या म्हणाल्या, "हो. चांगलं आलंय ना?" पुढच्या जूनमध्ये त्यांना तास मिळाले नाहीत. कारण सांगितलं नाही. तासांवरच्या माणसाला कारणही द्यावं लागत नाही.

आता मॅडम उल्हासनगरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवतात. मध्यंतरी मी गेले होते. शेडकार्ड दिसलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "इथे काय, लाल आणि सोनेरी. बघायचं काय त्यात?" मी म्हटलं, मॅडम, आपण पुन्हा भांडूया. त्या प्रूफावरून मान न उचलता म्हणाल्या, "मी थकले गं. तू डबा आणलायस का? मग बस, जेव आधी." मी तिथेच, शाईच्या वासात, सुकट खाल्ली. त्या समोर बसून राहिल्या. माझं जेवण होईपर्यंत दुसरं काही केलं नाही त्यांनी.

आता तुमच्याशी. हो, तुमच्याशीच, जे तेव्हा तिथे होते आणि गप्प बसले. येत्या नाताळच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, आमंत्रण तुम्हालाही आलं असेल. जेवण त्याच कँटीनमध्ये आहे. मनाईची पाटी तिथे परत लागली आहे. जांभळ्या रंगाखाली वरणाची भिंत आहे, अक्षरांसकट, कारण ती खरवडायलाही त्यांना वेळ नव्हता. त्यांनी वाढलेलं ताट घेऊ नका. घरून डबा न्या. सुकट असेल तर सुकटच न्या. त्या भिंतीखाली बसा, झाकण काढा, आणि उठवायला कुणी आलं तर उठू नका.